डीएनबी फॅमिली मेडिसिनची थिअरी: सराव पेपर लिहायचे कसे, तपासून घ्यायचे कसे

दहा प्रश्न, १८० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १८ मिनिटं. हा साधा भागाकार मला पहिल्यांदा सुचला तो डीएनबीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर पदवीच्या, परीक्षेच्या हॉलमध्ये. तेव्हा दीड तास संपला होता आणि माझं चौथं उत्तर चालू होतं.

त्या वर्षी चार पेपरांत मिळून मला १८७ मार्क पडले. लागतात २००. अभ्यास कमी पडला असं मी सहा महिने सगळ्यांना सांगत होते, पण ते खरं नव्हतं. वाचन भरपूर झालं होतं. एक सबंध पेपर घड्याळ लावून लिहिला होता का, तर एकदाही नाही.

आता माझी कोल्हापुरात स्वतःची ओपीडी आहे, आणि दरवर्षी दोन-चार नवे रेसिडेंट, म्हणजे हा कोर्स करणारे डॉक्टर, विचारायला येतात की मॅडम, सुरुवात कुठून करू. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी परीक्षा नेमकी काय आहे ते बघा. ती घेतं राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘नॅशनल बोर्ड’ म्हणतो ते, १९७५ साली सुरू झालेलं. थिअरीचे चार पेपर, प्रत्येकी १०० मार्कांचे, तीन तासांचे, आणि ते सलग दिवसांत होतात. प्रत्येक पेपरात १० मार्कांचे १० प्रश्न, सगळे सोडवायचे, ऑप्शनला काही टाकता येत नाही. चारही मिळून ५० टक्के मिळाले की थिअरी सुटली. नाही मिळाले तर चारही पेपर पुन्हा, एखादाच राहिला असा प्रकार इथे नसतो. थिअरी सुटल्यावर प्रॅक्टिकल. थिसिस आणि लॉगबुकचं वेगळं त्रांगडं आहे, त्यात आज शिरत नाही. त्या त्या सत्राचं माहितीपत्रक मात्र मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून स्वतः वाचा. सिनिअरने सांगितलेलं त्याच्या वर्षीचं असतं.

सवय मोडायची ती एमसीक्यूची

तुम्ही इथवर आलात ते नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन. ती सगळी एमसीक्यूची, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांची. २०० प्रश्न, चार पर्याय, बरोबर असेल तर अधिक चार, चुकलं तर उणे एक. दोन वर्षं तेच केल्यावर डोक्याला एक वळण लागतं: उत्तर समोर दिसलं की ओळखायचं. डीएनबीच्या पेपरात समोर काही दिसत नाही. कोरी पानं असतात. ‘प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात बीपी वाढतं त्या आजाराचं) व्यवस्थापन लिहा’ म्हटल्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे नाव चार पर्यायांत ओळखणं वेगळं, आणि डोस किती, कसा, गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास नि लघवी का बघायची, अँटिडोट कोणता, हे सात-आठ मिनिटांत कागदावर उतरवणं वेगळं.

मोबाईलवरच्या क्यू बँका, म्हणजे एमसीक्यूचे साठे, वाईट नाहीत. पण त्यातल्या बऱ्याच अमेरिकेच्या परीक्षेसाठी बेतलेल्या असतात. तिथली फॅमिली मेडिसिनची बोर्ड परीक्षा एमसीक्यूचीच असते, एका दिवसात ३०० प्रश्न. त्यांच्यासाठी ते ठीक. आपण तेच घोकलं तर दुहेरी नुकसान. एक तर लिहायची सवय लागत नाही, आणि दुसरं, उत्तरंच परकी होतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग ४५ व्या वर्षी सुरू, हे तिथलं उत्तर. आपल्याकडे तिशी ओलांडली की बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघायचा, आणि गर्भाशयमुखाची तपासणी ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी करायची, हे आपलं उत्तर. ‘आपल्या देशाच्या संदर्भात’ असं प्रश्नात लिहिलेलं नसतं. ते धरून चालायचं असतं.

मी एमसीक्यू एकाच कामाला ठेवते. एखादा विषय वाचून झाला की त्यावर २०-२५ सोडवायचे, कुठलं भोक राहिलंय ते कळतं. नाईट ड्युटीत दोन पेशंटांच्या मधे हे जमतं. पेपर लिहिणं जमत नाही.

पायरी पहिली: जुने पेपर गोळा करा, पण वाचत बसू नका

जुने पेपर मंडळाच्या संकेतस्थळावरच आहेत. मागच्या पाच-सहा वर्षांचे काढून झेरॉक्स मारा, चार गठ्ठे करा. त्यातला सगळ्यात ताजा एक संच बाजूला ठेवा, त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तो शेवटच्या महिन्यासाठी.

आता पेपरच्या माथ्यावरच्या सूचना वाचा. हसू नका, मी त्या पहिल्यांदा नापास झाल्यावर वाचल्या. प्रश्न क्रमाने सोडवा, एका प्रश्नाचे सगळे उपप्रश्न एकत्र लिहा, मधे कोरी पानं सोडू नका, जमेल तिथे तक्ता, आकृती, फ्लोचार्ट काढा. यातली प्रत्येक ओळ म्हणजे तपासणाऱ्याची जुनी तक्रार आहे असं समजा. माझा पहिल्या वेळी प्रश्न तीनचा ‘ब’ भाग प्रश्न सातनंतर लिहिलेला होता. तो कुणाला सापडला असेल का, कोण जाणे.

प्रश्नापुढे कंसात मार्कांची फोड असते, ३+३+४ वगैरे. तीच वेळेचीही फोड. अठरातली सोळा मिनिटं लिहायला धरली तर तीन मार्कांना पाच मिनिटं. त्या तीन मार्कांच्या भागाला दीड पान दिलंत तर ते चौथ्या मार्काचं दान आहे, आणि दान घ्यायला पलीकडे कोणी बसलेलं नाही.

पायरी दुसरी: पहिला पेपर अभ्यास न करता लिहा

हे ऐकून सगळे दचकतात. ‘मॅडम, आधी मेडिसिन एकदा वाचून होऊ दे की.’ वाचून होत नसतं. फॅमिली मेडिसिनचा आवाका मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, डोळे, कान-नाक-घसा, कातडी, मानसिक आजार, सामाजिक आरोग्य असा अख्ख्या एमबीबीएसएवढा. ते संपायची वाट बघणारे परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत वाट बघतात.

रविवारी सकाळी बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आखीव ताव, तेच पेन जे परीक्षेत वापरणार. घरात जमत नसेल तर गावात अभ्यासिका ढिगाने आहेत. स्पर्धा परीक्षावाल्या पोरांमध्ये बसलात तर उठायला लाज वाटते, हा फायदाच.

मी दुसऱ्या वेळी दवाखान्यात बसायचे, दुपारी बंद असताना. आमचे कंपाउंडर आण्णा बाहेर बाकावर घड्याळ घेऊन. दर १८ मिनिटांनी दारावर टकटक. ‘मॅडम, अठरा झाली बघा. सोडा आता त्याला.’ सुरुवातीला राग यायचा, कारण दर वेळी मी वाक्याच्या मध्यावर असायचे. पण सोडायचंच. उत्तर अर्धं राहिलं तरी पुढच्या पानावर जायचं.

का, ते हिशोबाने बघा. सात उत्तरं झकास लिहिली, सातच्या भावाने मार्क मिळाले: ४९. दहाही उत्तरं बरी लिहिली, साडेपाचच्या भावाने: ५५. कुठल्याही उत्तरात पहिले पाच मार्क स्वस्त असतात, पुढचे महाग. आवडत्या विषयावर आठवा मार्क मिळवायला जी दहा मिनिटं जातात, तेवढ्यात नावडत्या विषयावर चार मार्क पदरात पडतात.

पायरी तिसरी: तपासणारा दुसराच हवा

सगळ्यात जास्त लोक इथे कच खातात. पेपर लिहितात, मग पुस्तक उघडून स्वतःच बघतात, ‘हां, हे मला माहीत होतं’ म्हणून स्वतःला सात देतात. माहीत होतं आणि लिहिलं होतं यात फरक आहे, आणि आपलं आपल्याला तो दिसत नाही.

जोडीदार शोधा. त्याच गावचा असला तर उत्तम, नाहीतर फोटो काढून पाठवायचे. नियम असा: तुमच्या पेपराची उत्तरसूची त्याने आधी बनवायची, दहा मार्कांचे दहा मुद्दे, शक्यतो राष्ट्रीय कार्यक्रमांच्या मार्गदर्शक पुस्तिकांवरून. मग लाल पेनाने तपासायचं. मुद्दा कागदावर दिसला तर मार्क. अर्थ निघतो, अभिप्रेत आहे, असलं काही चालवून घ्यायचं नाही. महिन्यातून एकदा सर्जरीचा पेपर एखाद्या सर्जनला, बाळंतपणाचा स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. चहाला बोलावलं की लोक तपासून देतात, हा माझा अनुभव. मात्र त्यांना आधी सांगा की हे जनरल प्रॅक्टिशनरच्या नजरेतून लिहायचं असतं. नाहीतर ते ऑपरेशनच्या पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून मार्क कापतात.

एक उत्तर जवळून दाखवते. सरावासाठी मी काढलेला प्रश्न: ‘उसाला पाणी पाजताना पायाला साप चावलेला ३५ वर्षांचा शेतकरी दोन तासांनी तुमच्याकडे आला आहे. तपासणी ३, उपचार ५, पुढे कधी पाठवाल २.’

एका रेसिडेंटने, मुलगा हुशार, दीड पान सापांच्या जातींवर लिहिलं. विषारी-बिनविषारी ओळखायचं कसं, डोक्यावरचे खवले, सगळं. रेफरल शून्य ओळी. मी दहापैकी तीन दिले, तो रुसला.

तोच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा. तपासणीत त्याने चार ओळी लिहिल्या: चावल्या जागी सूज, पापण्या जड होणं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, मण्यार असेल तर जखम दिसतही नाही, नुसतं पोट दुखतं आणि डोळे मिटायला लागतात, आणि रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी, कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन, न हलवता. उपचाराचा सरळ फ्लोचार्ट काढला. वर श्वास आणि रक्तदाब. मग विषबाधेची लक्षणं आहेत का? नसतील तर निरीक्षण. असतील तर सर्पविषरोधक लस १० व्हायल, सलाईनमधून तासाभरात, ॲड्रिनॅलिन आधीच भरून हाताशी. लहान मुलालाही डोस तोच, कारण सापाने सोडलेलं विष पोराचं वजन बघून कमी होत नाही. पापण्या पडत असतील तर निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन. कोपऱ्यात चौकट: आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. रेफरलला तीन ओळी: पहिला डोस सुरू करूनच पाठवायचं, श्वास कमी पडत असेल, लघवी घटली असेल किंवा डोस देऊनही रक्त गोठत नसेल तर. एकूण सव्वा पान, पंधरा मिनिटं. आठ दिले.

त्याला साप आधीही तेवढाच माहीत होता.

चुकांची वही

प्रत्येक तपासलेल्या पेपरानंतर चूक वहीत, तारखेसकट, एका ओळीत. माझ्या वहीतल्या काही: ‘गोवर-रुबेला दुसरा डोस १६ ते २४ महिने. मी १५ लिहिलं.’ ‘रेबीजची लस कातडीत: ०, ३, ७, २८. मी १४ वा दिवस घुसडला, तो स्नायूतल्या वेळापत्रकातला.’ ‘गर्भपात: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ ला दोघांचं, २०२१ ची दुरुस्ती. मी जुनं लिहिलं.’ अशा ६०-७० ओळी झाल्या की तुमच्या लक्षात येईल, आपण त्याच त्या दहा-बारा ठिकाणी घसरतो. माझ्या घसरगुंड्या होत्या लसीकरण आणि कायदे. शेवटच्या आठवड्यात मी या वहीशिवाय फारसं काही उघडलं नाही.

आपल्या ओपीडीतून प्रश्न काढा

जुने पेपर संपतात. मग प्रश्न कुठून आणायचे? कोल्हापूर जिल्ह्यात बसून हा प्रश्न पडत असेल तर नवल आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतला कामगार डोळ्यात कण गेला म्हणून येतो, त्याच्यावर दहा मार्क. जुना कामगार दम लागतो म्हणून येतो, त्यावर अजून दहा: सिलिकोसिस आणि त्याचं टीबीशी नातं. तालमीतले पैलवान गजकर्ण घेऊन येतात, एक आला की पाठोपाठ पाच, आणि प्रत्येकाने आधी मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम लावून आजाराचा चेहरा बिघडवलेला असतो. पंचगंगेचा पूर २०१९ ला आला, २०२१ ला आला. पुरानंतर आलेल्या तापाच्या पेशंटकडे कसं बघाल, लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापासाठी) डॉक्सिसायक्लिन कुणाला द्याल? इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, हिपॅटायटिस ईची. गरोदर बाईला ती झाली तर काय धोका, आणि साथीत फॅमिली डॉक्टरने पाण्याबाबत कुणाला कळवायचं? विंचू चावला तर प्राझोसिन हे औषध, आणि ते जगापुढे मांडलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. उत्तरात ही ओळ टाकल्याने मार्क वाढतात का माहीत नाही, मला ती लिहायला आवडते.

रोज ओपीडी संपल्यावर एका पेशंटचा एक प्रश्न करायचा, मार्कांच्या फोडीसकट. वर्षभरात दोनशे तरी होतात.

‘गप्पांचा पेपर’

फॅमिली मेडिसिनची तत्त्वं, संवाद, कुटुंबाचा अभ्यास, नीतिमत्ता यांना रेसिडेंट मंडळी आपसात गप्पा म्हणतात. हे काय, लिहू ऐनवेळी. ऐनवेळी ‘पेशंटला समजावून सांगावे, धीर द्यावा’ यापलीकडे पेन सरकत नाही. इथेही सांगाडा लागतो. वाईट बातमी कशी सांगावी, तर स्पाइक्स या पद्धतीच्या सहा पायऱ्या. दारूची सवय, तर केज या चाचणीचे चार प्रश्न. आजाराकडे शरीर-मन-समाज असं एकत्र बघणं, तर जॉर्ज एंगल या डॉक्टरने १९७७ साली मांडलेली कल्पना.

आणि जिनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा नकाशा. हा हाताने काढून बघितल्याशिवाय येत नाही. पुरुष चौकोन, बाई गोल, ज्याच्यासाठी काढतोय त्याला दुहेरी रेघ, मयताला फुली, एका घरात राहणाऱ्यांभोवती तुटक रेघ. एखाद्या खटल्याच्या घरातली सून घ्या, सतत डोकं दुखतं म्हणून येणारी. सासू-सासरे, दोन दीर, एक जाऊ, पुण्यात नोकरीला असलेला नवरा, माहेरी आईला डायबेटिस. काढायला बसलात की पहिल्यांदा पान पुरत नाही. तिसऱ्यांदा चार मिनिटांत होतो, आणि तुटक रेघेच्या आत नवरा नाही हे कागदावर दिसतं. डोकेदुखीचं अर्धं उत्तर तिथेच असतं.

वेळापत्रक

चार महिने धरा. पहिले दोन महिने आठवड्याला एक पेपर, चारही विषय आळीपाळीने. त्या आठवड्याचं वाचन त्या पेपरात जिथे पडलात त्यावरच. तिसऱ्या महिन्यात आठवड्याला दोन. ड्युट्या असतील तर सबंध पेपराऐवजी पाच प्रश्न ९० मिनिटांत, पण सलग. चौथ्या महिन्यात तो बाजूला ठेवलेला संच काढा आणि सलग चार दिवस चार पेपर, परीक्षेच्याच वेळेला. रजा मागावी लागते. ती मागा. तिसऱ्या दिवशी मनगट आणि अंगठा असा दुखतो की काही विचारू नका, आणि ते दुखणं परीक्षेत पहिल्यांदा अनुभवायचं नाही. केंद्र गावाबाहेर पडलं तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन सकाळी थेट हॉलवर, असला पराक्रम करू नका. एक दिवस आधी पोचा.

प्रॅक्टिकलचा सराव निकालाची वाट बघत थांबवू नका

पेपर झाले की आठ दिवस झोपा. नवव्या दिवसापासून रोज एक पेशंट पूर्ण तपासून जोडीदारासमोर मांडायचा, आणि एक समुपदेशनाचा प्रसंग, घड्याळ लावून. पाच मिनिटांत इन्सुलिन कसं घ्यायचं ते समजावणं, दम्याचा पंप दाखवणं, कुटुंबनियोजनाचे पर्याय सांगणं. पेशंट व्हायला घरातलं माणूस घ्या, डॉक्टर नको. डॉक्टर पेशंट झाला की तुमची अर्धी वाक्यं तोच पुरी करतो.

माझे पेशंट आण्णाच होते. त्यांना मी दारू सोडायला सांगितलं, केजचे चारही प्रश्न विचारून, यकृताचं चित्र काढून, पाच मिनिटांच्या आत. झाल्यावर विचारलं, कसं वाटलं. आण्णा म्हणाले, ‘चांगलं झालं मॅडम. पण मी का पितोय ते इचारलंच न्हाई तुमी.’

चुकांच्या वहीत त्या दिवशीची ओळ तीच आहे, त्यांच्याच शब्दांत.